नळ आले

पहाटे साडेपाचला मी लिहिते : नळ आले.
बडोद्याहून हेरंब विचारतो : किती जण?
त्याला अजून गंमत वाटते, की इंदूरला
भिंतीतले नळ येतात आणि जातात
जावयासारखे, एक दिवसाआड.

ग्वाल्हेरच्या सरोजिनीबाई पूर्णविराम देऊन लिहितात :
आमच्याकडे रात्रभर वीज नव्हती.
मी पोलोग्राउंडच्या ऑफिसात
वीजबिल दुरुस्तीच्या खिडकीवर बसते,
म्हणून कुठल्याही गावची वीज गेली
तरी आधी माझ्यावर डाफरायचं, असा नियमच आहे.

चौघं आहोत आम्ही.
एका रविवारच्या शब्दकोड्यात
आडवा अकरा कुणालाच सुटत नव्हता, तिथली ओळख.
शब्द निघाला अडकित्ता. त्याला सात वर्षं झाली.
मला माहीत आहे हेरंबच्या आईचा डावा गुडघा,
देवासच्या मृदुलाच्या मुलाचे राहिलेले दोन विषय,
सरोजिनीबाईंच्या जिन्यातला दिवा
जो त्या बदलणार नाहीत
कारण तो सगळ्यांचा आहे.

पेपर चौघांकडे येतो, तरी बातमी
एकमेकांनाच विचारायची.
आमच्याकडे एका अंगणात मगर निघाली,
हेरंब सांगतो, तुळशीपाशी झोपली होती.
सरोजिनीबाई : प्रदक्षिणा घालून गेली का?
कुठेतरी युद्ध चालू असतं.
मृदुला लिहिते, आज ते नको. आज डाळ करपली.
थोडा वेळ कुणीच काही लिहीत नाही.
मग मी लिहिते, कुकरमध्ये चिंचेचं पाणी घालून ठेव,
रात्रभर.

फेब्रुवारीत हेरंब आला.
राजेंद्रनगरला लग्न होतं कुणाचं,
तासभर येऊन जातो म्हणाला.
सात वर्षं मला ‘ए यामे’ लिहिणारा माणूस
दारात उभा राहून म्हणाला,
यामिनीताईंचं घर हेच ना?

फोटोपेक्षा बुटका. आवाज बारीक.
सोफ्याच्या अगदी कडेला बसला,
जणू बाकीच्यांना जागा ठेवली होती.
आईचा गुडघा कसाय, मी विचारलं.
बराय, तो म्हणाला.
मला ठाऊक होतंच, त्यानं सकाळीच लिहिलं होतं.
फ्रीज मध्येच घुरघुरला,
आम्ही दोघांनी त्याच्याकडे कृतज्ञतेनं पाहिलं.

मग हे आले बाहेर, त्यांनी मेट्रोचा विषय काढला,
खणलेले रस्ते, बडोद्याचे रस्ते,
इथला टोल, तिथला टोल.
मी गराडू तळून आणले, वर लिंबू, मसाला.
त्यानं काडीनं एकेक उचलून
अवघड पेपर सोडवावा तसे खाल्ले.
निघताना एकदम वाकून नमस्कार केला मला.
त्याच्याहून चारच वर्षांनी मोठी आहे मी.
दोघंही ओशाळलो.

दार लावलं. बशा उचलल्या.
हे म्हणाले, चांगला मुलगा आहे, बोलत नाही फारसा.
तेवढ्यात टेबलावर फोन थरथरला :
ए यामे, गराडू काय जबरी होते!
लाजून चारच खाल्ले.
मी लिहिलं : माहीतेय. मोजले मी.
तो : अगं, आणि तुमची गच्चीवरची टाकी वाहतेय,
रस्त्यावरून दिसतंय. धाव!

धावले. मोटर बंद केली.
चपला भिजल्या, शेजारच्या वाळत घातलेल्या
पापडांपर्यंत पाणी पोचायचं होतं फक्त.
खिशात नाही, कमरेला खोचलेला फोन पुन्हा थरथरतो.
मृदुला : फोटो कुठाय दोघांचा?
सरोजिनीबाई : भेट झाली का. काय काय बोललात.

ओल्या अंगठ्याला फोन ओळख देत नाही.
पदराला पुसते, दोनदा.
थांबा जरा, लिहिते,
सगळं पहिल्यापासून सांगते.